चुन्नीच्या होडीचा शेवट

विसरवाडी,
१२ जुलै २०२५

नवनीत,

लिफाफ्यावरचं अक्षर ओळखून तू हे न फोडताच टाकून देशील, म्हणून पत्ता आमच्या शाळेतल्या चुनीलाल शिपायाकडून लिहून घेणार आहे. बघ, पहिल्याच ओळीत लबाडी. पण करू काय? माझा नंबर तू बंद करून ठेवलास त्याला पुढच्या महिन्यात चार वर्षं होतील. आईला फोन करतोस तो बरोब्बर मी शाळेत असते तेव्हा. मला कळत नाही असं समजू नकोस. मास्तरीण आहे, कोण कधी वर्ग चुकवतं ते मला पाठ असतं.

शाळा सुटल्यावर मी एक उद्योग करते, तो तुला माहीत नाही. इंटरनेटवर तो मोफत ज्ञानकोश आहे ना, कुणीही लिहावा आणि कुणीही दुरुस्त करावा असा, त्यातले मराठी लेख मी तपासते. लेख नीट आहे का, वाक्यांना आधार दिलाय का, भाषा धड आहे का, ते बघायचं आणि दर्जा द्यायचा. तिथं खरं नाव सांगावं लागत नाही. माझं नाव तिथं ‘तांबडी शाई’. हसू नकोस.

मंगळवारी एक लेख ‘उत्तम लेख’ या दर्जासाठी माझ्यापुढं आला. लिहिणाऱ्याचं नाव ‘डब्बूवाला’. विषय, ‘डब्बू गधा’ या कार्टूनचा एकोणिसावा भाग, ‘चुन्नी की नाव’. मी मनात म्हटलं, काय एकेक रिकामटेकडे असतात. मग वाचायला बसले आणि चहा गार झाला.

लेख फार चांगला आहे रे. कार्टून कुणी काढलं, हिंदीत आवाज कुणी दिले, कुठल्या साली रविवारी सकाळी लागायचं, सगळं शोधून काढलंय. जुन्या वर्तमानपत्रांची कात्रणंसुद्धा जोडली आहेत. शुद्धलेखनाच्या तीनच चुका, त्यातली एक माझ्याही हातून होते. मग मी कथानकाच्या शेवटच्या परिच्छेदाशी आले. बदकाचं पिल्लू चुन्नी होडीत बसून वाहून चाललंय, डब्बू गाढव काठावर रडतंय. आणि तू लिहिलंयस: ‘होडी वाहत वाहत पलीकडच्या काठाला लागते. तिथे कुणीतरी कंदील घेऊन उभं असतं. चुन्नी तिथून ओरडून सांगते, डब्बू, मी पोचले, आता तू घरी जा.’

नवनीत, हा शेवट कुठल्याच कार्टूनवाल्यानं काढलेला नाही. तो मी रचला. चिंचपाड्याहून रनाळ्याला येताना, पॅसेंजर गाडीत, खिडकीशी बसून. तू नऊ वर्षांचा होतास आणि मी पंधराची. त्या रविवारी घरी आपण तिघं तो भाग बघत होतो, धाकटी काजल तापानं फणफणलेली, गोधडीत गुंडाळून बसलेली, आणि होडी मधोमध असताना लाइट गेली. तेव्हा रोजच जायची. दोन दिवसांनी काजलला चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात नेलं. पुढचं तुला माहीत आहे.

काजलला जो शेवट सांगितला तोच तुला सांगितला. बस, एवढंच. डब्बूवाला कोण ते मला अशा रीतीनं कळलं. तू बरा आहेस, रात्रंदिवस कापडाच्या ऑफिसात आकडे भरून झाल्यावरही तुला लिहावंसं वाटतं, हे बघून बरं वाटलं.

तुझी ताई,
रुपा


विसरवाडी,
२० जुलै

नवनीत,

पहिलं पत्र टाकलंच नाही. पर्समध्ये हजेरीच्या यादीत घडी होऊन पडलंय. हेही कदाचित तिथंच जाईल.

आमच्या त्या कामाचा एक नियम आहे, आपल्या माणसाचा लेख आपण तपासायचा नाही. मी तो दुसऱ्याकडं द्यायला हवा होता. दिला नाही. का, ते सांगते. दुसऱ्याच्या हातात गेला असता तर दोन दिवसांत पास झाला असता. बाकी प्रत्येक वाक्याला पुरावा मागतात, पण कथानकाला वेगळा पुरावा लागत नाही. जो भाग आहे तोच पुरावा, असं धरून चालतात. तुझा तो परिच्छेद म्हणून तर इतके दिवस कुणाच्या डोळ्यांवर आला नाही. उत्तम ठरला की लेख पहिल्या पानावर झळकतो, आणि मग माझी थाप साऱ्या महाराष्ट्रानं खरी म्हणून वाचायची. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरं, पण ही मूठ तुझ्या हातात होती आणि झाकली होती मी.

म्हणून लेखाच्या चर्चापानावर विचारलं, ‘शेवटच्या परिच्छेदाला आधार काय? आपण हा भाग पूर्ण पाहिला आहे का?’

दहा मिनिटांत तुझं उत्तर! ‘नमस्कार सर. पूर्ण पाहिला नाही, लाइट गेली होती. शेवट माझ्या मोठ्या बहिणीने सांगितला. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात टीव्हीवर तो भाग पुन्हा लागला होता, तिथे तिने पाहिला.’

अरे देवा. हॉटेलातला टीव्हीसुद्धा मीच लावला होता वाटतं. मला आठवतही नव्हतं.

सर म्हणालास मला. चार वर्षांनी माझ्याशी बोललास आणि सर म्हणालास. मला राग यायला हवा होता, पण खरं सांगते, मी मोबाईल छातीशी धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. आई विचारत होती, “काय व्हयनं व? कोना फोन शे?” मी म्हटलं शाळेचा.

मग मी वाईट वागले. तुला बोलतं ठेवायला उगाच प्रश्न काढत बसले. हा स्वल्पविराम इथं का, हे साल नक्की का, गाढवाचा आवाज ज्यानं दिला त्याचं आडनाव तपासलं का. तू बिचारा रोज रात्री जेवून झाल्यावर उत्तरं देत होतास, ‘हो सर, बदलले सर.’ पाच दिवस मी अशी मजेत होते की वर्गातली पोरं म्हणाली, बाई सध्या मारत नाहीत.

शुक्रवारी पुन्हा मूळ मुद्द्यावर यावंच लागलं. लिहिलं, ‘आपल्या बहिणीला विचारून शेवटाची खात्री करता येईल का?’

उत्तर यायला दोन तास लागले. तुझेच शब्द उतरवते, म्हणजे मी मनाचं काही घातलं असं व्हायला नको. ‘तिच्याशी बोलणं नाही. ती खूप गोष्टी खोट्या सांगते, चांगल्यासाठी सांगते असं तिला वाटतं. पण या एका बाबतीत ती खोटं बोलली नसेल. माझी धाकटी बहीण दवाखान्यात होती, तिने हा शेवट ऐकला आणि ती हसली. मोठीने माझी आन घेऊन सांगितलंय. सर, काढायचा असेल तर काढा, पण मला तेवढा पुरावा पुरे आहे.’

मी अजून काही लिहिलेलं नाही. ‘विचार करून कळवतो’ एवढंच टाकलं. कळवतो! तेही खोटंच.

आबा गेले त्या वेळचं तू मनात धरून बसलायस ते मला कळतं. पण आबांनीच मला सांगितलं होतं, परीक्षा होऊ दे त्याची, सांगू नको त्याला. मी नुसती त्यांची आज्ञा पाळली. हे तू कधी ऐकूनच घेतलं नाहीस.

रुपा


रनाळे,
५ ऑगस्ट

नवनीत,

काल कानबाईचं विसर्जन झालं. चुलत्याकडं सगळी भाऊबंदकी जमली होती. देवीच्या रोटाचे, नैवेद्याच्या पोळ्यांचे गहू घ्यायला बसलो, घरातल्या एकेक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. चुलत्याच्या हेमराजनं आपली, आपल्या पोरांची घेतली. कुणीतरी हळूच म्हणालं, नवनीत तर येत नाही, त्याची कशाला. आई अशी उठली म्हणून सांगू! “त्यानी मूठ मीच भरसू,” म्हणाली आणि भरली. आबांना अग्नी हेमराजनं दिला, म्हणून तो बिचारा अजूनही आईपुढं मान वर करत नाही. त्याची काय चूक? अग्नी द्यायला तू हवा होतास आणि तुला मी कळवलं नव्हतं. त्या सकाळी तू मला फोनवर विचारलंस, आबा कसे आहेत, मी म्हटलं, बरे आहेत, चहा घेतला. तेव्हा त्यांना तिरडीवर बांधत होते.

असो. असो कसलं, पण असो.

आरती झाल्यावर ओट्यावर बसून मी मोबाईल बघत होते. कुणीतरी हौशी माणसानं जुन्या टेपांवरची कार्टून इंटरनेटवर टाकलीत, त्यात ‘चुन्नी की नाव’ होता. एकवीस वर्षं झाली, मला बघायची हिंमत झाली नसती, पण आई शेजारी होती. म्हटलं, आई, बघ, हे काजलचं कार्टून. आईनं चष्मा घातला.

आपली लाइट गेली तिथपर्यंत सगळं आठवलं तसंच होतं. होडी मधोमध, डब्बूचं रडणं. त्याच्या पुढं काय आहे सांगू? डब्बू रडून रडून काठावरच झोपतो. सकाळी एक म्हैस येते आणि निवांत चालत पलीकडं जाते. पाणी तिच्या गुडघ्याला लागतं. डब्बू बघतच राहतो. होडी कुठं वाहून गेलेलीच नसते, वाळूत रुतलेली असते, आणि चुन्नी त्यात बसून रात्रभर त्याला हाका मारत असते, पण हा आपल्याच रडण्याच्या आवाजात ऐकत नाही. मग तो पाण्यात उतरतो, तिला पाठीवर घेतो, दोघं घरी येतात आणि चुन्नीची आई दोघांना लाटण्यानं बदडते. संपलं.

आई एकदम टाळी वाजवून म्हणाली, “आते देख! घर उनी ना व पोर.”

आणि मग चष्मा काढून पदरानं पुसत बसली. मी मोबाईल पालथा ठेवला. ओट्यावर बायका हसत-खिदळत होत्या, कुणाचं आमच्याकडं लक्ष नव्हतं.

नवनीत, मला जर तेव्हा हा शेवट माहीत असता! इतका साधा, इतका गमतीचा. सहा वर्षांची पोर पोट धरून हसली असती. मी कंदील नि काय नि काय लावत बसले, पलीकडच्या काठाला तिला सोडून आले. पंधरा वर्षांच्या मुलीला सुचून सुचून काय सुचलं, तर चुन्नी परत येत नाही. मला वाटतं मी तुला गाडीतच सांगून टाकलं होतं, आणि वर म्हणत होते, काजल बरी आहे, झोपली आहे. दुपारी दारात जीप आली आणि तू ते गोधडीचं बोचकं बघितलंस. माझ्याकडं बघितलंस ते मला अजून दिसतं.

आईला मी सगळं सांगितलं. लेख, डब्बूवाला, तांबडी शाई, तुझी घेतलेली आन. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, “तू काजलले काय म्हने ते मी ऐकेल शे. मी जागीच व्हती.”

मी म्हटलं, काय ऐकलंस?

“राहू दे,” म्हणाली. “पंधरा सालनी व्हती तू. तीन दिन पाठ नही टेकेल व्हती.” मग परत म्हणाली, “पण तू त्यानी आन खोटी लिधी. ज्यानी आन, त्यालेच सांगनं पडस. नहीतं ती त्याना डोकावरच ऱ्हास.”

तू सुशिक्षित, तुला हे पटणार नाही. मलाही पटत नाही असं मी वर्गात सांगते. पण एकवीस वर्षं तुला ताप आला, तुझी मोटारसायकल घसरली, तुझं लग्न मोडलं, दर वेळी मला ती आन आठवली आहे. आबा गेल्यावर तू मुंडण केलेल्या डोक्यानं तेरा दिवस समोर बसलास, तेव्हा मी तुझ्या त्या डोक्याकडं बघत होते. त्याच डोक्यावर हात ठेवून मी खोटं बोलले होते.

आज एवढंच.

रुपा


विसरवाडी,
१८ ऑगस्ट

नवनीत,

आता बघ कसं लिहिते. तांबड्या शाईनं, माझंच पान माझ्यासमोर धरून.

पहिल्या पत्रात लिहिलंय, काजलला सांगितला तोच शेवट तुला सांगितला. चूक. काजलला मी कुठलाच शेवट सांगितला नाही. दवाखान्यातली ती शेवटची संध्याकाळ. डॉक्टर, नर्सबाई जिवाचं रान करत होते, आबा औषध आणायला गेले होते, आई खाटेच्या पायथ्याशी भिंतीला टेकली होती. काजलला जरा शुद्ध आली. माझी ओढणी ओढून म्हणाली, “ताई, मंग चुन्नीनं काय व्हयनं?” मी म्हटलं, माहीत नाही. ती परत म्हणाली, सांग ना. परत. चार-पाच वेळा. माझे डोळे मिटत होते. मी तिच्यावर खेकसले, “गप नीज व, डोकं नको खाऊ मन्हं. सकाय सांगसू.”

तिनं ओढणी सोडली. मला झोप लागली. मी जागी झाले ती आईच्या ओरडण्यानं. काजल सकाळ व्हायच्या आधीच गेली होती.

ती हसली नाही रे. कुठं हसणार? आबांनी मला व्हरांड्यात बोलावलं, तू काकाबरोबर नुकताच येऊन बाकावर बसला होतास, पाय हलवत. आबा म्हणाले, याला घरी ने, काही सांगू नको. गाडीत तूच विचारलंस, “काजलले सांगा का शेवट?” मी हो म्हटलं. “हासनी का ती?” हो. “मन्ही आन ले.” घेतली. तुझे केस धुळीनं राठ झाले होते, हाताला लागले. मग तू म्हणालास, मलाही सांग, आणि मी सुरू झाले. हॉटेलातला टीव्हीही तेव्हाच घातला असणार.

दुसऱ्या पत्रात लिहिलंय, आबांनी सांगू नको म्हटलं होतं. अर्धं खरं, म्हणजे खोटंच. ते सोमवारी म्हणाले होते. बुधवारी त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, “नवनीतले बलाई ले.” स्पष्ट म्हणाले, आई नव्हती तिथं, मी एकटीच होते. मी म्हटलं, हो आबा, शुक्रवारी त्याची परीक्षा झाली की बोलावते. ते बराच वेळ दाराकडं बघत होते. गुरुवारी सकाळी गेले. तुझं सुरत कुठं लांब होतं? बुधवारी दुपारी फोन केला असता तर तू संध्याकाळी आला असतास.

तुला वाईट वाटू नये म्हणून मी खोटं बोलते असं मी आयुष्यभर स्वतःला समजावलं. तसं नाही. तुझं रडणं मला बघवत नाही, म्हणून बोलते. त्यात चांगुलपणा काही नाही, नुसता भित्रेपणा.

ज्ञानकोशातही काल निकाल लावला. तो परिच्छेद खोडला. म्हशीचं, गुडघाभर पाण्याचं आणि लाटण्याचं लिहिलं. खाली निर्णय दिला: ‘लेख उत्तम दर्जासाठी आज पात्र नाही. कथानकाचा शेवट मूळ भागाशी जुळत नव्हता. ही चूक लेखकाची नाही. तपासनीस लेखकाची मोठी बहीण आहे, तिने हे आधी सांगायला हवे होते. यापुढे ती या लेखाला हात लावणार नाही. रुपा छगन पाटील, विसरवाडी.’ तिथल्या जुन्या मंडळींनी मला बरंच सुनावलं आणि तपासनीसांच्या यादीतून काढलं. योग्यच केलं. तू महिन्याभरानं पुन्हा अर्ज कर, दुसरं कुणीतरी बघेल, पास होईल. बाकी सगळा लेख सोन्यासारखा आहे.

काल दिवसभर चर्चापान उघडून बसले होते. तुझं काही आलं नाही. रात्री बघितलं तर तू ‘डब्बूवाला’ हे खातंच बंद केलंय. आज दुपारी आईनं तुला फोन लावला, तर तू नुसता रडत होतास म्हणे.

ही चारही पत्रं एका पाकिटात घालून आजच टाकते. मी स्वतः जाऊन, टपालपेटीत नाही, खिडकीवर देणार. आन मी तुझ्यापाशी उतरवली. आता तुझ्या डोक्यावर माझं काही नाही.

आईचं वय झालं. तिच्यासाठी तरी एकदा ये, असं लिहिणार होते. ते वाक्य चांगलं आहे, पण खरं नाही. आई धडधाकट आहे, आज सकाळी दोन किलो मिरच्या निवडल्या तिनं. मीच बोलावते आहे, माझ्यासाठी. नाही आलास तरी चालेल

नाही चालणार. ये.

रुपा